उघड्या डोक्यांचा उन्हाळा

मास्तर गेले ही बातमी मला कोणी आणून दिली नाही, आणि मीही ती कोणाला लगेच दिली नाही. श्रावण सरत आला होता. ताप उतरला, आता काळजी नाही, असं सांगून डॉक्टर गेले. मी पेज करायला चूल पेटवली आणि वाटी घेऊन आत आले, तर मास्तर भिंतीकडे तोंड करून निजलेले... हाक मारली, खांद्याला हात लावला, आणि कळलं. वाटी खाली ठेवली. रडू फुटलं ते पदर तोंडात कोंबून रडले. शेजारच्या नीलव्वा विरजण मागायला आल्या तेव्हा त्यांना कळलं, आणि त्या माझ्यावरच चिडल्या, "अगं बाई, एक हाक तर मारायची की! एकटीच बसलीस व्हय अशी?" पुढे पेठेत बोलणं झालंच. नवरा गेला तरी हिच्या तोंडातून आवाज निघाला नाही, काळीज आहे की दगड. बोलोत बापड्या. आमच्या घरात मोठ्यानं रडायची भीती वाटते. ती का वाटते हे आज सांगायचं आहे, आणि ते सांगताना मास्तर सगळेच्या सगळे येतील असं वाटतं.

मास्तर म्हणते आहे, कारण सगळं सोलापूर त्यांना मास्तर म्हणायचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, तेव्हा माझीही सोय झाली. ते हायस्कुलात इतिहास शिकवायचे, आणि माझ्या पाहण्यातला त्यांच्याइतका भित्रा माणूस दुसरा नाही. विजेला भ्यायचे, पालीला भ्यायचे, तार घेऊन येणाऱ्या शिपायाला तर इतके की त्यानं पत्ता विचारायला दार वाजवलं तरी यांचे हात गार. बाळीवेशीत एकदा मोकाट बैल समोरून आला तर हे कोणा अनोळखी माणसाच्या ओट्यावर चढून बसले आणि तो बैल लांब जाईपर्यंत त्या घरच्यांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत राहिले. मी हसायची. म्हणायची, "वर्गात रोज लढाया जिंकता आणि रस्त्यात बैलापुढे तह करता." त्यावर तेही हसायचे. पण एका आवाजाला ते घाबरले की मला हसू यायचं नाही. तो बुटांचा आवाज. दगडी फरशीवर कोणी टाचा आपटत आलं की मास्तर बोलता बोलता थांबायचे, आणि तो आवाज दारावरून पुढे निघून जाईपर्यंत त्यांचा श्वास वरच्या वर अडकलेला असायचा.

त्याचं कारण त्यांनी मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सोलापुरात प्लेग आला तेव्हा ते लहान होते. वडील घरातच गेले. त्या वेळी घरात माणूस गेलं तरी रडायची सोय नव्हती. रडण्याचा आवाज बाहेर गेला की तपासणीवाल्यांना कळायचं, ते यायचे, आणि घरातल्या बाकीच्यांना गावाबाहेरच्या झोपड्यांत नेऊन टाकायचे. म्हणून आजीनं या लेकराच्या तोंडात फडकं कोंबलं आणि वर हात दाबून धरला. तरी कोणीतरी सांगितलंच. एक गोरा साहेब आणि दोन शिपाई बुटांसकट थेट देव्हाऱ्यापर्यंत आले. मास्तरांच्या आईला किरकोळ ताप होता, तिला गाडीत घातलं. हे वेशीपर्यंत गाडीमागे पळाले, पुढे कोणी जाऊ दिलं नाही, आणि आई परत आली नाही. "तो साहेब चिडला नव्हता गं," मास्तर म्हणाले होते. "ओरडलासुद्धा नाही. आमच्याकडे त्यानं बघितलंच नाही. कोठारात पोती हलवावी तसं त्यानं सगळं केलं..." हे सांगतानासुद्धा त्यांनी आवाज खाली आणला होता. एवढ्या वर्षांनी, आपल्याच स्वयंपाकघरात.

राज्यं का बुडतात, हा त्यांचा ध्यास होता. मला लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं, तेही इतिहासातूनच. माझी घरची बोली कानडी, मराठी बोलता यायची पण वाचता यायची नाही. मी भाकऱ्या थापायची आणि ते चुलीशी बसून मोगल का बुडाले, विजापूर का बुडालं, पेशवाई का बुडाली ते वाचून घ्यायचे. पुस्तकातली कारणं ठरलेली असत. वारस नालायक, सुभेदार बेइमान, तिजोरी रिकामी, लढाया फार लांबवर. मी म्हणायची, "ही कारणं तर आमच्या माहेरच्या भांडणातलीच आहेत, यात शिकायचं काय?" तर त्यांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. मग एका सुट्टीत ते मला माचणूरला घेऊन गेले. भीमेकाठी देऊळ आहे, आणि जवळ किल्ल्याचा पडका तट. मोगल बादशहा दिल्ली सोडून दक्षिण जिंकायला आला तेव्हा त्याची छावणी तिथे वर्षानुवर्षं पडून होती. "अख्खी दिल्ली इथं येऊन बसली होती," मास्तर सांगत होते, आणि मला दिसत होत्या तटावर चढलेल्या शेळ्या. मी विचारलं, एवढ्या माणसांच्या भाकऱ्या कोण भाजत होतं, आणि बादशहा गेल्यावर त्या बायकांचं काय झालं? मास्तरांनी तटाचा एक चिरा हातानं चाचपला. मग म्हणाले, "ते कोणी लिहून ठेवलं नाही. राज्य पडलं एवढंच लिहितात. कोणाच्या अंगावर पडलं ते लिहीत नाहीत." आणि ऊन डोक्यावर असताना त्या माणसाच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला. 

त्यांच्या मॅट्रिकच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला मी इथं नरसय्या म्हणते. आता दिवस पालटलेत, आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं आहे, म्हणून हे लिहायला धजले; तरी त्याचं खरं नाव लिहायचा धीर होत नाही, आणि हे लिहायला बसताना दार मी लावून घेतलं आहे. नरसय्या विणकराच्या घरातला. घरी तेलुगू, बाहेर मराठी. मागावर बसून, शाळा दोनदा सोडून पुन्हा आलेला, त्यामुळे वर्गात मिशा असलेला तो एकटाच. तीस सालच्या परीक्षेआधी तपासणीला अधिकारी आले, वर्गात मागे खुर्ची टाकून बसले, आणि मास्तरांनी सवयीनं मोगलांच्या ऱ्हासाची कारणं विचारली. नरसय्यानं ती धडाधड सांगितली आणि शेवटी म्हणाला, "सर, ही समदी कारणं आजबी लागू हायत की. मग तसंच परत घडतंय का न्हाय, ते सांगा." मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. अधिकाऱ्यांनी नुसतं मुलाचं नाव विचारून घेतलं. त्या दिवशी मास्तर घरी आले ते तसेच अंगरख्यासकट पांघरूण घेऊन निजले. मी म्हटलं, पोरगं बोललं त्यात तुमचं काय? तर म्हणाले, "पोरगं खरं बोललं. आता त्याचं काय होईल?"

मे महिना उजाडला आणि सोलापूर पेटलं. ते दिवस इथल्या माणसांना नव्यानं सांगायला नकोत. गोळीबार झाला, माणसं पडली, चौक्या जळल्या, आणि मग एकाएकी गावातून पोलीस नाहीसे झाले. गाव आपलं आपणच चालू लागलं. चौकाचौकात पोरं रहदारीला वाट करून देत होती, बाजार भरत होता, आणि जो तो म्हणत होता, राज्य गेलं! इंग्रजाचं राज्य गेलं! नीलव्वांच्या घरी तर गोड केलं होतं. आमच्या घरात मास्तर खिडकी लावून बसले होते. "ज्याचं पोट भरलेलं आहे असं जनावर सावकाश उठतं," म्हणाले, "पण उठतं." आमच्या दोन्ही मुलांना त्यांनी त्याच दिवशी अक्कलकोटला माझ्या आईकडे पोचतं केलं. मी बडबडले, गाव आनंदात आहे आणि तुम्हाला घाम फुटलाय म्हणून. पण घाम मलाही फुटला होता. मग गोरं लष्कर आलं. लष्करी कायदा लागला.

या कायद्याचं सगळ्यात पहिलं पाऊल पडलं ते टोपीवर. पांढरी टोपी डोक्यावर दिसली की शिपाई ती काठीनं उडवायचे, वर मार द्यायचे. मास्तरांची टोपी खादीचीसुद्धा नव्हती. रुमाल बांधला की त्यांचं डोकं दुखायचं, म्हणून मी गिरणीच्या मांजरपाटाच्या पांढऱ्या टोप्या शिवून दिल्या होत्या. पण काठी उगारणारा कापड कुठं बघतो? बाजारातल्या काळ्या टोप्या एका दिवसात संपल्या. मास्तरांचा जुना रुमाल केव्हाच पाळण्याची झोळी होऊन फाटला होता. तेव्हा पुष्कळांसारखे मास्तरही बोडक्या डोक्यानं वावरू लागले. आज कोणाला त्याचं काही वाटणार नाही. आमच्याकडे मात्र कर्ता पुरुष बोडक्या डोक्यानं उंबऱ्यात दिसला, तर त्याचा अर्थ एकच. घरात कोणीतरी गेलं. त्या उन्हाळ्यात रस्त्यानं बघावं तर सगळं गाव सुतकात निघाल्यासारखं दिसायचं. मला ते बघवत नव्हतं.

अशात एका दुपारी परसदारी कडी वाजली आणि नरसय्या उभा. मिरवणुकीत झेंडा घेऊन तो पुढे होता, ते कोणीतरी सांगितलं होतं, आणि त्याच्या घरावर धाड पडून गेली होती. "सर, एक दिस," एवढंच म्हणाला. मास्तरांनी त्याला आत ओढून कडी लावली. असल्या माणसाला आसरा देणाऱ्यालाही तुरुंग होता, ते दवंडी पिटून सांगितलं होतं. मला वाटलं, आता हे हात जोडून त्याला जायला सांगतील. खरं सांगते, सांगावं असंच मला वाटत होतं. मला माझी लेकरं दिसत होती. मास्तरांनी त्याला मागच्या खोलीत नेलं, ज्वारीच्या कणगीआड पोतं अंथरून दिलं, आणि बाहेर येऊन माझ्यासमोर भिंतीला टेकून बसले. मी दबक्या आवाजात जे तोंडाला येईल ते बोलले. "पालीला भिता, बैलाला भिता, आणि हे कसं केलंत?" ते म्हणाले, "मी फार भ्यालोय गं. पण त्याला घालवून दिलं तर जन्मभर याहून जास्त भीत राहीन." मी उठून एक भाकरी जास्तीची थापली. एक दिवसाचे चार-पाच दिवस झाले. घरात भाकऱ्या जास्त लागतात हे कळू नये म्हणून पीठ मी थोडं थोडं दळायची, जात्याचा आवाज कमी यावा म्हणून खाली गोणपाट घातलं होतं. रस्त्यावरून गस्त गेली की तिघेही श्वास धरून बसायचो.

इकडे अक्कलकोटात अफवा पोचली, सोलापूर जाळलं, माणसं राहिली नाहीत. माझ्या आईचा, अव्वाचा, धीर सुटला. मुलांना भावजयीकडे ठेवून ती भाजीच्या गाडीतून निघाली आणि भर दुपारी चालत आमच्या गल्लीत आली. मास्तर नेमके दाराच्या चौकटीत उभे होते, सकाळी न आलेला दूधवाला आता तरी येतो का ते बघत. बोडकं डोकं, दाढी वाढलेली, रात्र रात्र जागून डोळे तांबडे. अव्वानं कोपऱ्यावरून ते पाहिलं. दुसरं काय समजणार ती? जावई उघड्या डोक्यानं उंबऱ्यात, म्हणजे आपली लेक गेली. हातातलं गाठोडं तिथंच टाकून तिनं टाहो फोडला, "अय्यो, नन्न मगळे! अगं माझ्या लेकी!" मी आत पीठ मळत होते. आवाज ओळखला, पण ती कशासाठी रडते ते कळेना. उठून दाराकडे आले, तर मास्तरांनी मागे न बघता पाठीमागे हात करून मला आत ढकललं. कारण त्या टाहोमागोमाग बूट वाजू लागले होते.

कोपऱ्यावरचा गोरा सोजीर आणि एक आपला हवालदार, दोघे धावत आले. अव्वा दगडी पायरीवर कपाळ आपटत होती. हवालदारानं विचारलं, "काय झालं वो? कोन गेलं?" मी दाराआड उभी होते. माझ्या आणि मास्तरांच्या मध्ये एक हाताचं अंतर. कोणी नाही, म्हातारीची समजूत चुकली, असं म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. आणि मग ही रडारड कशाची, घरात आहे तरी कोण, म्हणून ते आत आले असते. मला वाटलं, यांची वाचा बसली. मग मी माझ्या कानांनी ऐकलं, "बायको... पहाटे." आवाज असा चिरकला होता की क्षणभर मलाच ते खरं वाटलं. हा माणूस आयुष्यात खोटं बोलला नव्हता. आणि पहिलं बोलला ते हे.

सोजिरानं हवालदाराला काहीतरी विचारलं, हवालदार म्हणाला, "साहेबाला बघायचंय." आमच्या जातीत मेलेलं माणूस आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात. मी देवळीतली विभूती घेतली, कपाळभर फासली, मागच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून मांडी घातली, मान एका खांद्यावर टाकली आणि डोळे मिटले. त्या भिंतीपलीकडेच कणगी होती आणि कणगीआड नरसय्या. डोळे मिटल्यावर ध्यानात आलं की बोटांना ओलं पीठ तसंच आहे. आता हलता येत नव्हतं. अव्वा धावत आत आली आणि माझ्या गळ्यात पडली, तिचा गाल माझ्या गालाला लागला... आणि तिचं रडणं मधेच तुटलं. अंग गरम होतं ना माझं! मी पदराखालून तिच्या हाताला कचकन चिमटा काढला. एवढ्याशानं माझी अव्वा समजली. तिनं पुन्हा असा गळा काढला की मला स्वतःच्या मरणाचं वाईट वाटावं. दारातला उजेड कमी झाला, कोणीतरी वाकून बघत होतं. मी पापण्या किंचित उघडल्या. अगदी कोवळा पोरगा होता तो, उन्हानं मान भाजून लाल झालेली. बसलेलं प्रेत त्यानं कधी पाहिलं नसणार. "डेड, साब, डेड. ऐसाच बिठाते ये लोग," हवालदार सांगत होता. त्या पोराच्या हातातली बंदूक हलत होती. त्यानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मागे सरला आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

हवालदार मात्र थांबला. त्याची नजर माझ्या मांडीवरच्या हातांवर आली, पिठानं भरलेल्या बोटांवर, आणि तिथंच राहिली. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की पदर हलत असणार असं मला वाटलं. संपलं आता. मग त्याचा आवाज आला, अगदी सपाट, "लौकर उरका मास्तर. म्हातारीला गप करा. लई गर्दी करू नका." आणि बूट लांब गेले. ते दिसेनासे झाल्यावर अव्वानं उठून माझ्या थोबाडीत दिली, मग मला पोटाशी धरलं. मास्तर दारातच खाली बसले होते. त्यांना उठवायला नरसय्या कणगीआडून बाहेर आला, तोही रडत होता, आणि आम्ही चौघे एकमेकांना गप बसा, गप बसा म्हणत रडत होतो.

संध्याकाळी मास्तर कणगीशी येऊन बसले. नरसय्याला म्हणाले, "तू वर्गात विचारलंस ना, तसंच परत घडतं का? नाही घडत. तसंच घडलं असतं तर आज हिला गाडीत घालून नेलं असतं. प्लेगात ते आले तेव्हा त्यांना कशाची भीती नव्हती. आज तो पोरगा उंबऱ्याशी थांबला. आपल्याहून जास्त भ्याला होता तो." मी विचारलं, "म्हणजे हे राज्य जाणार?" "जाणार. आपण बघू की नाही कोणास ठाऊक, पण जाणार. जे राज्य टोपीला भ्यायला लागलं ते जाणार. आणि तो हवालदार... त्यानं पीठ पाहिलं होतं. त्यांच्या पगारावर जगणारा माणूस बघूनही न बघितल्यासारखं करायला लागला की आत काही उरलेलं नसतं. हे कारण पुस्तकात नाही." एवढं बोलले, पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. म्हणाले, "पण जायला वेळ लागेल. आणि भ्यालेल्याच्या हातात बंदूक असते, तोवर जवळ कोणी जाऊ नये." मला मात्र राज्याचं काही पडलं नव्हतं. ते मला एकदाही नजर देत नव्हते, ते मला दिसत होतं.

अव्वा परत निघाली तेव्हा भाजीच्या रिकाम्या गाडीत, पाट्यांखाली, नरसय्या गेला. अक्कलकोट संस्थानी मुलूख, तिथं लष्करी कायदा नव्हता. तिथून पुढे तो मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, त्याच्या मामाकडे पोचला, आणि आज स्वतःचे माग चालवतो आहे. पुढे चार माणसं फासावर गेली त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. पाचवा कोण झाला असता, ते आमच्या घरालाच माहीत होतं. लष्कर उठेपर्यंत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही, कारण मी मेले होते. नीलव्वा माझ्या वाटणीचं पाणी भरायच्या आणि म्हणायच्या, "मेलेलं माणूस लई पाणी वापरतंय की." गल्लीतल्या कोणीही तोंड उघडलं नाही. मला अजून त्याचं नवल वाटतं.

मास्तर मात्र त्या दुपारनंतर पालीला भ्यायचे बंद झाले, विजेलाही. त्यांना दुसरीच भीती लागली. आपण तोंडानं हिचं मरण उच्चारलं. अव्वानं पुष्कळ समजावलं, "खोटं मरण आलं की आयुष्य वाढतंय, तुमी कशाला घाबरताय?" पण ते पटेना. मला साधा खोकला आला तरी वैद्य यायचा. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला की ते उठून बसायचे आणि माझ्या नाकाखाली बोट धरायचे. श्वास लागला की पुन्हा आडवे व्हायचे. मला कळतं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. एकदा मी थट्टेनं श्वास रोखून धरला. त्यांनी मला असं गदागदा हलवलं की बांगडी फुटली. मी हसायला लागले, आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून ते बोट नाकाशी आलं की मी मुद्दाम जरा मोठा श्वास सोडायची. सात वर्षं असं चाललं. इतिहास ते तसाच शिकवत राहिले, फक्त कारणं सांगून झाली की आता मुलांना विचारायचे, त्या वेळी घरांत काय चाललं असेल, सांगा बघू. यंदा मंत्रिमंडळाचे पेढे वाटले तेव्हा पेढा हातात धरून म्हणाले, "आपली माणसं आली, चांगलंच झालं. यांना कशाची भीती वाटायला लागते, तेवढं बघत राहायचं." पेढे वाटणारा रागावून गेला. मी मास्तरांना म्हटलं, आज तरी गोड बोलायचं होतं. म्हणाले, गोडच बोललो की.

त्यांना बसवलं ते त्याच भिंतीशी. विभूती मी लावली. माणसं येत होती, पाया पडत होती, आणि मी मास्तरांच्या बोटांकडे बघत होते. कुठे खडू लागलेला असेल, कुठे काही... बोटं स्वच्छ होती. तरी मी वाट बघितली. त्यांना उचलेपर्यंत बघितली.

माझं आयुष्य वाढलं हे खरं असावं. अव्वानं ते कोणाच्या वाटणीतून वाढतं, हे मात्र सांगितलं नव्हतं. मुलं आता मोठी आहेत, शाळेची माणसं चांगली आहेत, कशाला कमी नाही. दिवस निघतो. पहाटे भोंगा होतो तेव्हा मला आपोआप जाग येते. मी डोळे उघडत नाही. श्वास रोखून धरते. जितका वेळ धरता येईल तितका धरते. मग तो सुटतो, आणि मी उठून चूल पेटवते.